काडतुसाच्या बुडावर

शिकारीच्या जुन्या गप्पांत एक वाद कधीच मिटत नाही. गव्यासारख्या, हत्तीसारख्या मोठ्या जनावरासमोर हातात कोणतं काडतूस हवं? एकजण .३७५ हॉलंडची बाजू लावून धरतो. दुसऱ्याला .४७० च्या खालचं काही चालत नाही. तिसरा जिम कॉर्बेटचं नाव घेऊन सांगतो की नेम पक्का असेल तर .२७५ सुद्धा पुरते. मग तक्ते निघतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला किती फूट, ऊर्जा फूट-पौंडांत. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २५०० फूट वेगाने निघते, .४७० ची ५०० ग्रेनची २१५० फुटांनी, .४१६ रिग्बीची ४१० ग्रेनची २३७० च्या आसपास. पहिलीची ऊर्जा चार हजार फूट-पौंडांच्या थोडी वर, बाकी दोघींची पाच हजारांच्या वर. आकडे बरोबर आहेत. पण ते काडतूस मुळात का जन्माला आलं, कोणाच्या भीतीने आलं, आपल्याकडच्या उन्हापावसात त्याचं काय झालं, याचा तक्त्यात मागमूस नसतो. आणि मला विचाराल तर खरी तुलना तिथेच होते.

त्यासाठी लंडनच्या बंदूकवाल्यांची दुकानं धुंडाळायला नकोत. पिंपरीकडून जुन्या मुंबई रस्त्याने येताना दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला, बोपोडी मागे टाकली की खडकी. इथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. कागदोपत्री ‘अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी खडकी’, बोलताना ‘एएफके’, आणि काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही दोन अक्षरं. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा ही फॅक्टरी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. दापोडी, सांगवी, पिंपळे गुरव इथल्या जुन्या वस्त्यांत आजही अशी घरं सापडतात, जिथल्या कोणीतरी या फॅक्टरीत हयात घालवली आहे. ही माणसं आतल्या कामाबद्दल चकार शब्द काढत नाहीत, शिस्तच तशी. पण काडतूस या वस्तूबद्दल विचारा, मग रात्र सरते.

सुरुवात .४७० पासूनच करू. दुनळी रायफलींच्या दुनियेत या काडतुसाचा दबदबा मोठा. संस्थानिकांच्या शस्त्रागारात ते होतं, आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या पट्ट्यात ते आजही असतं. सगळ्यांना वाटतं की कोणीतरी हत्तीची कवटी समोर ठेवून हा व्यास ठरवला असणार. पडद्यामागे घडलं ते निराळंच. जॉन रिग्बी हा बंदूकवाला काही वर्षं एन्फिल्डच्या सरकारी रायफल कारखान्याचा प्रमुख होता. कॉर्डाइट ही नवी, धूर न करणारी दारू लष्करात येताना त्याने अगदी जवळून पाहिली. नोकरी संपवून तो दुकानात परतला आणि १८९८ साली त्याने तीच दारू भरून .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणलं. ४८० ग्रेनची गोळी, वेग २१५० फूट. काळ्या दारूच्या थोराड बंदुका एका झटक्यात म्हाताऱ्या झाल्या. हिंदुस्थानातला प्रत्येक शिकारी साहेब .४५० मागू लागला.

इथे सरकार घाबरलं. लष्कराची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .५७७/४५० या मापाची होती, आणि अशा कितीतरी रायफली सरहद्दीवर आणि सुदानात बंडखोरांच्या हाती पडलेल्या होत्या. साहेबांच्या शिकारीची .४५० काडतुसं चोरीला गेली, त्यातल्या गोळ्या काढून त्या रायफलींत भरल्या गेल्या तर? १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० मापाची आयात बंद झाली. लंडनच्या बंदूकवाल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नेमकं याच देशात. त्यांनी हातपाय गाळले नाहीत. जोसेफ लँगने .४७० आणलं, हॉलंडने .४६५, जेफ्रीने .४७५ नंबर दोन, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. एकमेकांत इंचाच्या काही हजारांश भागांचा फरक, ताकद जवळपास सारखी. आज ज्यांच्यावरून रात्री जागवल्या जातात ती ही सगळी काडतुसं कस्टमच्या अधिकाऱ्याकडे बघून बेतलेली होती. जनावराचा त्यात संबंध नव्हता.

या गोष्टीला पुढे आणखी एक वळण आहे. हद्दपार झालेल्या .४५० ची गोळी प्रत्यक्षात .४५८ इंचाची असे. १९५६ साली अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीने साध्या बोल्ट रायफलीत बसेल असं मोठं काडतूस काढलं, त्याचं नाव .४५८ विंचेस्टर मॅग्नम. बंदी घातलेली तीच गोळी अर्ध्या शतकाने नव्या नावाने परत आली आणि स्वस्त रायफलीमुळे जगभर पसरली. पण केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, आखूड केली होती. पुरेशी ताकद हवी म्हणून दारू आत दाबून भरावी लागे. अशी दाबलेली दारू कालांतराने घट्ट गोळा होऊन बसे आणि नीट पेटत नसे. तक्त्यात २१०० च्या वर दाखवलेला वेग प्रत्यक्षात बराच खाली येई. जॅक लॉट नावाचा अमेरिकन शिकारी १९५९ साली मोझांबिकमध्ये रेड्याच्या शिंगांवर गेला आणि थोडक्यात वाचला. त्याने या काडतुसाचा ध्यास घेतला आणि १९७१ मध्ये स्वतःचं .४५८ लॉट तयार केलं. तोडगा काय काढला? हॉलंडने १९१२ साली .३७५ साठी बनवलेली जुनी केस जवळजवळ पूर्ण लांबीची वापरली. विंचेस्टरने आखूड केलेली केसही याच घराण्याची.

आता आपल्या .३१५ कडे येतो. महाराष्ट्रात कोणाकडे परवान्याची रायफल असेल तर ती बहुधा हीच. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली रायफल, खडकीचं काडतूस. मोठ्या बोअरवाले, म्हणजे मोठ्या व्यासाच्या रायफलीवाले, तिच्याकडे नाक मुरडतात. २४४ ग्रेनची जाड, बोथट गोळी आणि वेग बेताचा, म्हणजे .४७० च्या निम्म्या ताकदीच्याच आसपास. मग हे माप आलं कुठून? .३०३ हे लष्कराचं माप असल्यामुळे सामान्य माणसाला ते मिळणार नव्हतं. लष्करी काडतूस आत शिरणार नाही असं काहीतरी माप हवं होतं. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एन्फिल्डच्या धर्तीवर हिंदुस्थानासाठी शिकारी रायफल बनवली आणि तिला काडतूस घेतलं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, आठ मिलिमीटर मॅनलिकर. स्वातंत्र्यानंतर तेच माप आपल्या कारखान्यांनी उचललं. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य १९१८ मध्ये संपलं. पुढे ऑस्ट्रियाने स्वतःच्या सैन्यासाठी ५६ मिलिमीटर लांब केसचं दुसरं काडतूस घेतलं आणि मूळचं ५० मिलिमीटर केसचं तिकडे अडगळीत गेलं. व्हिएन्नाच्या सम्राटाच्या शिपायाचं काडतूस टिकलं ते मुळेच्या काठी, खडकीत.

.३१५ ला हसणाऱ्यांनी एकदा ते हातात घेऊन नीट बघावं. काडतुसाची केस म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्ताचं पितळ. सुरुवात होते ती एका उथळ वाटीपासून. पंच ती वाटी डायमधून खाली ढकलतो, ती लांब आणि पातळ होते. ओढलं की पितळ कडक होतं, म्हणून भट्टीत तापवून मऊ करायचं, मग पुन्हा ओढायचं. असे अनेक फेरे झाले की नळी तयार. कड कापायची, बूड ठोकायचं, दारू पेटवणाऱ्या टोपीसाठी खळगा पाडायचा, तोंड आवळायचं. भोसरीतल्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये डाय बनवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गाड्यांचे सुटे भाग तो याच रीतीने ओढतो. काडतुसात एक अवघड गोष्ट जास्तीची असते. एकाच तुकड्याचं बूड कडक हवं आणि तोंड मऊ. स्फोटाचा दाब बुडाने सोसायचा. तोंडाने क्षणभर फुगून नळी बंद करायची, म्हणजे गरम वायू शिकाऱ्याच्या डोळ्यांकडे येणार नाही. आणि लगेच किंचित आकसायचं, म्हणजे रिकामी केस बाहेर निघेल. म्हणून अखेरीस फक्त तोंडाला आच देतात. पॉलिश न केलेल्या काडतुसाच्या गळ्यावर जी निळसर-पिवळी झाक दिसते, ती या आचेची खूण. नवखं गिऱ्हाईक तिला डाग समजून पेटी परत करायला निघतं. जाणता तीच झाक आधी शोधतो.

याच पितळाने ब्रिटिश लष्कराला एकदा चांगलंच रडवलं. हिंदुस्थानात पावसाळा आला की मोहिमा थांबत आणि काडतुसांचा साठा कोरड्या जागी हलवत. कोरडी जागा म्हणजे बरेचदा घोड्यांचे तबेले. पाऊस संपल्यावर पेट्या उघडाव्यात तर काडतुसांना उभे तडे. कोणी हात लावला नाही, कोणी उडवली नाहीत, तरी भेगा. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्याला ऋतूचंच नाव पडलं. कारण शोधायला फार काळ गेला. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचा उलगडा छापला. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसतो, आणि ओढताना, ठोकताना धातूत जो ताण अडकून राहिलेला असतो त्याच ठिकाणी तो त्याला फोडतो. उपाय दोन निघाले. एक म्हणजे काडतूस अमोनियापासून दूर ठेवणं. दुसरा म्हणजे केस तयार झाल्यावर बेताच्या उष्णतेने तिचा ताण उतरवणं. जगभरचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आज ताणाने आणि गंजाने मिळून होणारी ही भेग शिकतात. त्या धड्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्याकडच्या तबेल्यांतलं आहे. गोठ्याच्या माळ्यावर काडतुसं ठेवू नयेत, असं गावाकडचे जुने शिकारी सांगत. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण शिरस्ता बरोबर होता.

उन्हाचा किस्सा पावसाइतकाच महत्त्वाचा आहे. .४७० चं काडतूस टेबलावर उभं केलं तर बघणारा चकित होतो. नुसती केस सव्वातीन इंचांची, गोळीसकट चार इंचांच्या घरात. जुनं काडतूस कानाशी हलवलं तर आत कॉर्डाइटच्या काड्या खुळखुळतात, शेवयांसारख्या. एवढी मोठी केस कशासाठी? याहून छोट्या केसमध्ये तेवढीच ताकद बसवता आली असती. पण कॉर्डाइट उष्णतेला फार हळवी. विलायतेच्या गारव्यात ठरवलेला दाब विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी वर चढतो. दाब वाढला की केस नळीत घट्ट चिकटते. दुनळीत बोल्टसारखा जोर लावता येत नाही. नळी मोडून बघावं तर रिकामी केस बाहेर यायला तयार नाही, आणि जखमी जनावर झुडपात. म्हणून बंदूकवाल्यांनी मोठी केस, कमी दाब हा हिशेब मुद्दाम धरला. ज्या केसला लोक तोरा समजतात ती मुळात उन्हाळ्याची तजवीज आहे. तक्त्यात दाबाचा रकाना क्वचितच असतो, आणि माझ्या मते रणरणत्या उन्हातल्या शिकाऱ्यासाठी ऊर्जेपेक्षा तो रकाना आधी छापायला हवा होता.

.६०० नायट्रो एक्स्प्रेसबद्दल थोडक्यात. ९०० ग्रेनची गोळी, म्हणजे जवळपास ५८ ग्रॅम शिसं, ऊर्जा साडेसात हजार फूट-पौंडांच्या वर. रायफलीचं वजन सात किलोच्या आसपास. संस्थानिकांनी हौसेने मागवली, पण दिवसभर ती वाहायची कोणी? मालकाच्या मागे बंदूक घेऊन चालणाऱ्या नोकराने. ऐन प्रसंगी ती मालकाच्या हाती वेळेत पोचली तर तिची ताकद, एरवी तीही खांद्यावरचं ओझंच.

व्यासाच्या वादात गोळीची जात नेहमी मागे पडते, आणि तिच्यामागची कथा मोठी आहे. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत लष्कराची तक्रार आली की नव्या .३०३ ची पूर्ण मढवलेली गोळी अंगातून आरपार जाते आणि समोरचा माणूस धावतच राहतो. कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने टोकाचं आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. गोळी लागली की फुलते आणि मोठी जखम करते. जगभर ओरड झाली आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेत अशा गोळीला युद्धातून बाद केलं. शिकारीत मात्र हिशेब नेमका उलटा झाला. वाघावर पूर्ण मढवलेली गोळी टाकली तर ती आरपार जाते, जखमी वाघ दाट झाडीत शिरतो आणि मग त्याच्यामागे जाणाऱ्याचं किंवा वाटेतल्या गुराख्याचं मरण ओढवतं. तिथे फुलणारी ‘सॉफ्ट नोज’ हीच दयेची गोळी. माणसावर जी वापरणं अमानुष ठरलं, तीच जनावरावर न वापरणं क्रूर ठरलं.

गव्याच्या बाबतीत हे पुन्हा पालटतं. हजार किलोपर्यंत जाणारं जनावर, खांद्यावर स्नायूंची भिंत. तिथे सॉफ्ट नोज वरवर फुलून थांबते; हाडापलीकडे पोचायला न फुलणारी ‘सॉलिड’ लागते. म्हणून दुनळीवाले उजव्या नळीत सॉफ्ट आणि डाव्या नळीत सॉलिड भरत. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. बसल्या जागी हे सोपं वाटतं. समोर जनावर निघालं की बोट कुठल्या चापावर जाईल याचा भरवसा नसतो. कधी धक्क्याने बोट घसरून दोन्ही नळ्या एकदम उडतात, आणि .४७० चे दोन धक्के एकदम सोसलेल्या माणसाचा पुढचा बार नेमका कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आता कॉर्बेट. चंपावतच्या वाघिणीची कथा सर्वांनी वाचलेली आहे, १९०७ ची. ४३६ माणसं तिच्या नावावर मांडली जातात. आपल्या वादाच्या दृष्टीने त्या कथेतला शेवट महत्त्वाचा. त्या दिवशी कॉर्बेटकडे .५०० ची दुनळी रायफल होती, म्हणजे आजच्या बोलीत मोठं बोअर. काडतुसं मात्र त्याने तीनच घेतली होती. ती संपली आणि वाघीण अजून उभी. मग तो धावत गेला आणि सोबतच्या तहसीलदाराची मोडकळीला आलेली बंदूक मागून आणली. नेम धरला तोंडावर, गोळी लागली पंजाला. वाघीण पडली ती आधीच्या जखमांनी. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी या पराक्रमाबद्दल त्याला रायफल भेट दिली. कोणती? रिग्बीची .२७५. व्यासाने .५०० च्या जवळपास निम्मी. तीच रायफल पुढे कॉर्बेटची ओळख होऊन बसली, आणि २०१६ मध्ये रिग्बी कंपनीने ती पुन्हा हिंदुस्थानात आणली तेव्हा लोक तिच्या दर्शनाला आले. ज्या जड रायफलीने काम केलं तिचं नाव कोणाला आठवत नाही.

छोट्या बोअरवाले या .२७५ चा दाखला देतात, आणि पाठोपाठ आफ्रिकेतल्या डब्ल्यू. डी. एम. बेलचा. त्याने हजाराच्या वर हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच मापाने. हत्तींच्या त्या संहाराचा मला अभिमान वाटत नाही, पण त्यामागचा अभ्यास नाकारता येत नाही. बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं होतं. कुठल्या कोनातून उभं राहिलं तर गोळी कशी आत शिरेल हे त्याला पाठ होतं. त्याची रायफल घेणारे पुष्कळ निघाले, पण कवटीवर करवत चालवायला कोणी बसलं नाही. कॉर्बेटनेही नरभक्षकांसाठी .४५०/४०० ची जड दुनळी शेवटपर्यंत हाताशी ठेवली होती. त्याचं नाव घेऊन छोट्या बोअरची तरफदारी करणारे ही दुनळी सोयीस्करपणे विसरतात.

कोल्हापूरचा विषय काढल्याशिवाय महाराष्ट्रातल्या शिकारीची गोष्ट पुरी होत नाही. राधानगरी-दाजीपूरचं रान हे कोल्हापूर संस्थानाचं राखीव शिकारक्षेत्र होतं. गव्यांचे कळप, हाक्याची माणसं आणि जड दुनळ्या. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात भुसा भरलेली जनावरं आजही त्याची साक्ष देतात. १९५८ मध्ये त्या रानाचं अभयारण्य झालं. त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. बालेवाडीच्या रेंजवर, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या शेजारी, घाम गाळलेला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक जिंकलं. ज्या तालुक्यात ५०० ग्रेनच्या गोळ्यांचे बार घुमले, तिथल्या मुलाने नाव काढलं ते ४० ग्रेनच्या .२२ ने. वजन जेमतेम २.६ ग्रॅम.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर पडदा पडला. त्यानंतर मोठ्या बोअरच्या रायफलींचं काय झालं, हे फार थोडे सांगतात. नियमाने .३७५ किंवा .४७० ही मापं निषिद्ध नाहीत. निषिद्ध आहेत ती .३०३ आणि ७.६२ सारखी लष्करी मापं. त्यामुळे आजोबांची दुनळी नातवाच्या परवान्यावर चढते. काडतूस मात्र मिळत नाही. १९८० च्या दशकात खासगी आयात बंद झाली आणि ही मापं खडकीत बनत नाहीत. कपाटात कायनॉक कंपनीचा पिवळा पडलेला डबा, आत मोजकी काडतुसं, वय नातवापेक्षा जास्त. जुन्या काडतुसाची टोपी दगा देऊ शकते. चाप ओढला, नुसता खट्ट आवाज, आणि क्षणभराने बार. म्हणून जुने लोक बजावतात की काडतूस उडालं नाही तर नळी तशीच समोर धरून थांबायचं, लगेच मोडून बघायचं नाही. मी हे इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण वारसा म्हणून अशी रायफल ज्यांच्या हाती येते त्यांना तक्ता देणारे पुष्कळ भेटतात, हे सांगणारे भेटत नाहीत.

आणि शेवटी चाकण. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात बिबट्यांच्या पिढ्या वाढल्या. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच रान. त्या उसाला लागून औद्योगिक वसाहत वाढली. मार्च २०२४ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला, ही बातमी सगळ्यांनी पाहिली. कामगार बाहेर काढले, काम थांबलं, वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचं पथक आलं. चित्रफितीत दिसला तो बिबट्या. त्यात न दिसलेली गोष्ट म्हणजे तिथल्या डार्ट मारणाऱ्या बंदुकीचा हिशेब, आणि तो वर सांगितलेल्या सगळ्या तुलनेच्या विरुद्ध चालतो.

डार्ट म्हणजे उडणारी सुई. तिच्यामागे जोर जितका कमी देता येईल तितका बरा. जोर जास्त झाला तर सुई मांडीच्या मांसात थांबत नाही. हाडावर आदळते किंवा पोटात शिरते, आणि औषधाऐवजी तिचाच घाव जिवावर येतो. जोर कमी पडला तर डार्ट वाटेतच खाली येतो आणि बिबट्या सावध होतो. म्हणून आधी अंतर ठरवायचं, मग त्या अंतराला पुरेल एवढाच दाब, आणि नेम मांडीच्या जाड मांसावर. औषध बहुधा केटामिन आणि झायलाझिनचं मिश्रण. ते किती भरायचं हे ठरतं बिबट्याच्या वजनावर, आणि दडून बसलेल्या बिबट्याला काट्यावर कोण चढवणार? पशुवैद्य लांबून बघून अंदाज बांधतो. अंदाज कमी पडला तर बिबट्या अर्धवट गुंगीत उठतो, आणि तो त्याच्या सगळ्यात धोकादायक अवस्थेत असतो. अंदाज जास्त झाला तर श्वास मंदावतो आणि तो उठतच नाही. डार्ट लागल्यावर काही मिनिटं कोणी हलायचं नाही, कारण औषध चढेपर्यंत तो पूर्ण शुद्धीत असतो आणि सुई कोणी मारली ते त्याने पाहिलेलं असतं. चाकणला काही तासांच्या खटपटीनंतर बिबट्या पिंजऱ्यात गेला. कारखान्यातल्या कोणाला ओरखडा उठला नाही आणि बिबट्या जिवंत होता.